आमच्या लाइनवरची रिलीव्हर आणि मी केलेली बोलणी

चाकणच्या ज्या कंपनीत मी आज एचआरच्या टेबलावर बसते, तिथेच त्याआधी सात वर्षं लाइनवर उभी होते. गाड्यांमध्ये बसवायच्या वायरींच्या जुड्या आम्ही बनवायचो. मोठाले बोर्ड साखळीवरून हळूहळू पुढे सरकत असतात. बोर्ड समोर आला की आपल्या वाट्याच्या वायरी खोचायच्या, टेप गुंडाळायची आणि तो पुढच्या बाईकडे जाऊ द्यायचा. बोर्ड थांबत नाही, म्हणून बाईलाही थांबता येत नाही. लघवीला जायचं तर आपल्या जागी दुसरी बाई उभी राहावी लागते. तिला रिलीव्हर म्हणायचे. आमच्या लाइनवर आम्ही बावीस जणी होतो आणि दोन रिलीव्हर. हात वर करायचा, रिलीव्हर येईपर्यंत वाट बघायची, जायचं आणि पळत परत यायचं. पहिल्या महिन्यात लाज वाटते. नंतर वाटेनाशी होते.

मी मूळची लातूरकडची. लग्नानंतर पिंपळे गुरवला दोन खोल्यांत आले. नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये. मी बारावी पास, अक्षर बरं आणि बोलणं नीटनेटकं, म्हणून चौथ्या वर्षी मला लाइन लीडर केलं. लाइन लीडर म्हणजे काम तेच, फक्त उत्पादनाचे आकडे फळ्यावर लिहायचे आणि बायकांचं म्हणणं सुपरवायझरपर्यंत पोचवायचं. बायकांना वाटायचं मी साहेबांची, साहेबांना वाटायचं मी बायकांची. मला स्वतःला मात्र मी हुशार वाटायचे.

लाइनवर सगळ्यात वयस्कर होत्या त्या आक्का. कंपनीच्या मागच्या गावातल्या. आम्ही बसमधून मोशीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून यायचो आणि त्या बांधावरून चालत दहा मिनिटांत. ठेकेदाराकडे होत्या. गावातल्या काही जणांना घ्यायचंच म्हणून घेतलेल्या. हात इतका बसलेला की टेप गुंडाळताना बोर्डाकडे बघायच्याही नाहीत. आवाज मात्र खणखणीत, आणि तोंडात कुठलाही शब्द यायचा.

एका उन्हाळ्यात आमच्या दोन रिलीव्हरपैकी एक दुसऱ्या लाइनला दिली. उरलेली एक बावीस जणींना कशी पुरणार? हात वर करून अर्धा अर्धा तास उभं राहायला लागायचं. मग बायकांनी पाणी पिणंच सोडलं. सकाळी घरून निघताना जे घोटभर प्यायचं तेवढंच. एकीला जळजळ सुरू झाली, ताप आला, ती चार दिवस घरी बसली. मी सुपरवायझरला तीन दिवस रोज, असं तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, “बघतो ताई.”

चौथ्या दिवशी आक्कांनी हातातली टेप खाली ठेवली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि एक पाऊल मागे सरकल्या. बोर्ड त्यांच्यासमोरून तसाच निघून गेला. शेजारच्या बाईने त्यांच्याकडे बघितलं आणि तीही मागे सरकली. मग तिसरी. बघता बघता सगळी लाइन एक पाऊल मागे. मीही सरकले, पण सगळ्यांच्या शेवटी.

सुपरवायझर धावत आला. “आक्का, काय झालं? लाइन का थांबली?”

“काय न्हाई झालं. मला मुतायला जायचंय. तू हुबा ऱ्हा हितं माज्या जागेवर, मी येते जाऊन.”

बायका फिस्सकन हसल्या. तो लाल झाला. जेवणाच्या सुट्टीआधी दुसरी रिलीव्हर परत आली. कुणाला मेमो नाही, कुणाला घरी पाठवणं नाही.

त्या दिवशी बसमध्ये शेजारणीला मी काय म्हणाले ते मला अजून आठवतं. मी म्हणाले, “काम झालं ते ठीक, पण बोलायची काही रीत असते की नाही?” खरं तर माझ्या तीन वेळच्या रीतीने काहीच झालं नव्हतं, आणि तेच मला टोचत होतं.

आठवड्याभरात एचआरच्या साहेबांनी मला बोलावलं. पुण्याचे, तरुण, अतिशय सभ्य. आम्हाला सगळ्यांना अहोजाहो करायचे. म्हणाले, “तुमच्या लाइनवर जे झालं ते बरोबर नाही. पण तुम्ही तीनदा सांगूनही तुमचं ऐकलं गेलं नाही, हेही बरोबर नाही.” पहिलं वाक्य मी विसरले. दुसऱ्या वाक्याने मी त्यांची झाले.

त्यांनी मला चिंचवडला एका हॉटेलात दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. विषय होता वाटाघाटी कशा कराव्यात. बाकी सगळे सुपरवायझर आणि इंजिनीअर, लाइनवरची मी एकटीच. शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, समोरचा काय मागतोय यावर अडू नका, का मागतोय ते शोधा. लगेच नाही म्हणू नका. “मला समजतं तुम्हाला काय वाटतंय,” इथून सुरुवात करा. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे गप्प बसणं. प्रश्न विचारा आणि गप्प बसा. शांतता माणसाला सोसत नाही, ती भरायला तो बोलतो, आणि जे सांगायचं नसतं तेच सांगून टाकतो.

मग आमच्याकडून करून घेतलं. एकाने कामगार व्हायचं, एकाने मॅनेजर. मला मॅनेजर केलं. समोर एक दाढीवाला इंजिनीअर कामगार होऊन सुट्टी मागत होता. मी विचारलं, “का हवी आहे?” आणि गप्प बसले. पाचच मिनिटांत त्याने मागितलेल्या चार दिवसांचे दोन केले आणि वर मला थँक्यू म्हणाला. मॅडम म्हणाल्या, “हे तुम्हाला शिकवायची गरज नव्हती. तुमच्यात आहेच.”

असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं. शाळेत नाही, माहेरी नाही, सासरी तर नाहीच. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं, की मी तीनदा बाथरूमला जाऊन आले आणि एकदाही हात वर केला नाही. आरशासमोर उभी राहून मी रडले. आनंदाने.

मग मला नादच लागला. घरमालक सकाळी वीसच मिनिटं मोटर लावायचा. त्याच्याशी भांडण्याऐवजी मी का ते विचारलं आणि गप्प बसले. कळलं की मोटर तापते. मी म्हटलं, मग दोनदा वीस मिनिटं लावा. लावायला लागला. मुलीला शाळेत सकाळच्या तुकडीत घालायचं होतं, तिथेही जमलं. नवरा म्हणायचा, “तुझ्याशी बोलायची आता भीती वाटते राव. नुसती बघत बसतेस.” आम्ही दोघं हसायचो.

दिवाळीनंतर साहेबांनी पुन्हा बोलावलं. कंपनीला रिलीव्हर ही पद्धतच बंद करायची होती. त्याऐवजी ठरलेल्या वेळी दहा दहा मिनिटांचे दोन ब्रेक. तेवढा वेळ सगळी लाइन थांबेल, सगळ्यांनी तेव्हाच जाऊन यायचं. साहेब म्हणाले, “मी वरून हुकूम काढू शकतो. पण मला तसं करायचं नाही. तुम्ही बायकांशी बोला. त्यांची खरी अडचण काय आहे ते समजून घ्या आणि मला येऊन सांगा. त्यांच्या बाजूने तुम्ही बोला, कंपनीच्या बाजूने मी.”

मला वाटलं, बघा, ही झाली रीत. कॅन्टीनमध्ये, बसमध्ये, चपला काढायच्या कट्ट्यावर मी एकेकीशी बोलले. कुणाच्या अंगावरून जास्त जायचं, कुणी पोटुशी होती, कुणाला नुसती धास्ती. आक्कांना मी शेवटी गाठलं. कॅन्टीनमागे हात धुवायच्या नळांपाशी त्या एकट्याच भाकरी खात बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

“आक्का, दोन ब्रेक केले तर तुम्हाला चालेल?”

“न्हाई चालायचं.”

“का?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही बोलले नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्या ठेच्यात घोळवत राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले, जसं शिकवलं होतं तसं, मान थोडी कलती ठेवून.

“पिशवी काढली ना माजी,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “तवापास्नं कळ सोसत न्हाई बग. लागली की लागली. कवा कवा जागच्या जागी व्हतं. आत कपडा घिऊन येते रोज. दोन दोन. कुनाला वास येऊ नये म्हनून पावडर मारते.” मग माझ्या मनगटावर उष्टा हात ठेवून म्हणाल्या, “हे कुटं बोलू नको. ठेकेदाराच्या कानावर गेलं तर उद्या भाईर काढंल.”

“नाही बोलणार,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

साहेबांच्या केबिनमध्ये मी तयारीने गेले. म्हटलं, “दोन ब्रेक पुरणार नाहीत सर. चार हवेत.”

“का?”

“बायकांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.”

ते काही बोलले नाहीत. पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले, मान थोडी कलती. एसीचा आवाज येत होता. हे काय चाललंय ते मला ठाऊक होतं. त्याच मॅडमनी त्यांनाही शिकवलं असणार. मला कळत होतं, आणि तरी मी बोलले.

“सगळ्यांना धरवत नाही सर. काही जणींची ऑपरेशनं झालेली असतात.”

ते गप्पच.

“एखादी वयस्कर बाई असते... पिशवी काढलेली वगैरे.”

“हं,” ते म्हणाले. “चांगला मुद्दा आहे.”

त्यांनी काही लिहून घेतलं नाही. मी नाव घेतलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले, की नाव घेतलं नव्हतं. आमच्या लाइनवर वयस्कर बाई एकच होती.

बोलणी तीन बैठका चालली. शेवटी ठरलं ते असं: दोनऐवजी तीन ब्रेक, संडासाच्या आणखी दोन खोल्या, आणि मधेच कुणाला फारच निकड आली तर लाइन लीडरने तिच्या जागी उभं राहायचं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, “तुम्ही बायकांसाठी बरंच मिळवलंत.” मला ते खरं वाटलं. होती ती दुसरी रिलीव्हर गेली, पहिलीही गेली, आणि मी काहीतरी मिळवून आले होते!

बायकांना मी कॅन्टीनमध्ये गोळा करून समजावलं. सगळं नाकारलं असतं तर दोनच ब्रेक पदरात पडले असते, आपण एक जास्तीचा घेतला, असं. बायका ऐकत होत्या. आक्कांनी एवढंच विचारलं, “आन मधीच लागली तर?”

“मी आहे ना आक्का. मी उभी राहीन तुमच्या जागी.”

“तू म्हनतीस तर बरं,” असं म्हणून त्यांनी कराराच्या कागदावर वाकड्या अक्षरात सही केली. त्यांनी केली म्हणून बाकीच्यांनी केली. त्यांची सही आधी घ्यायची, हेही मला ट्रेनिंगमध्येच कळलं होतं. गटात ज्याचं ऐकलं जातं त्याला आधी राजी करावं.

पुढचे तीन आठवडे मी माझा शब्द पाळला. आक्कांनी माझ्याकडे बघितलं की माझ्या वायरी शेजारणीवर सोपवून मी त्यांच्या जागी उभी राहायचे. मग ठेकेदाराकडच्या कामगार बायकांची आरोग्य तपासणी लागली. आधी कधी लागली नव्हती. डॉक्टरच्या फॉर्मवर एक रकाना होता, आधी कुठलं ऑपरेशन झालंय का. आक्का आत गेल्या आणि वीस मिनिटांनी बाहेर आल्या. मला नंतर कळलं, डॉक्टरने त्यांना थेट विचारलं होतं, पिशवी कधी काढली. काढली का, असं नाही विचारलं. कधी काढली.

महिनाअखेरीस ठेकेदाराने नवीन यादी लावली, त्यात त्या नव्हत्या. उभ्याच्या कामाला योग्य नाहीत, असा शेरा होता. त्या डबा आणि चपला न्यायला आल्या तेव्हा मी लाइनवर होते. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी साहेबांकडे गेले. रागाने गेले, पण दारात पोचेपर्यंत राग घडी घालून ठेवला होता.

“सर, त्या आक्कांना परत घ्या. दहा वर्षांचा हात आहे त्यांचा.”

“मला समजतं तुम्हाला काय वाटतंय,” साहेब म्हणाले.

शब्द न् शब्द तेच. मला हसू यावं की काय ते कळेना.

“हा ठेकेदाराचा विषय आहे. आणि खरं सांगू का, त्यांच्याच तब्येतीचा विचार झालाय. तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळ्यांना धरवत नाही?”

मग मी मॅडमनी शिकवलेलं सगळं वापरून बघितलं. का विचारलं, मधला मार्ग सुचवला, बसून करायचं काम देता येईल का म्हटलं. साहेब प्रत्येक वेळी मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, “हाउसकीपिंगमध्ये बघता येईल. मी शब्द टाकतो.” आणि मी उठणार तोच म्हणाले, “अजून एक. आमच्याकडे एचआरमध्ये एक जागा निघतेय. लाइनवरच्या माणसांशी बोलू शकेल असं कुणीतरी हवंय. मला तुमचंच नाव सुचतं.”

मी गप्प बसले. या वेळी ती शांतता त्यांनी भरली नाही, मीच भरली. म्हटलं, “थँक्यू सर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाइनवर उभी होते. काय करायचं ते मला माहीत होतं. टेप खाली ठेवायची, हात मागे बांधायचे, एक पाऊल मागे. बाकीच्या सरकल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. बोर्ड आला. मी वायरी खोचल्या. दुसरा आला. त्याच्याही खोचल्या. सुट्टीची घंटा होईपर्यंत मी खोचत होते.

रविवारी दुपारी आक्कांच्या घरी गेले. घराला लागून त्यांनी कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या, दोरीवर वाळत टाकलेले कंपन्यांचे निरनिराळ्या रंगांचे शर्ट. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. बस म्हणाल्या नाहीत. मी आपली मीच टेकले आणि हाउसकीपिंगचं सांगितलं.

“म्हंजी संडास धुवायचं?”

“बसून... म्हणजे उभं राहावं लागणार नाही सारखं.”

त्या लसूण सोलत राहिल्या. मी म्हटलं, “आक्का, मी तुमचं नाव नव्हतं घेतलं.”

“लाइनीत म्हाताऱ्या किती हायेत?”

मी परातीतला एक लसूण उचलून सोलायला घेतला.

“तू इचारलंस म्हनून सांगितलं,” त्या म्हणाल्या. “माज्या सुनंला ठाव न्हाई ते तुला सांगितलं. मला वाटलं, पोरगी मायेनं इचारतीया. इचारायला शिकवून धाडलं व्हतं व्हय तुला?”

मी काहीतरी बोलायला लागले, की मला चांगलंच करायचं होतं, की नाहीतर दोनच ब्रेक मिळाले असते. त्यांनी हाताने थांबवलं.

“मी त्या दिशी बोलले तवा तुला लाज वाटली माज्या त्वांडाची. बगितलं म्या. पर त्या दिशी कुनी बाई घरी बसली न्हाई. तू ग्वाड बोललीस आन मी घरी बसले.” मग परातीतली टरफलं झटकत म्हणाल्या, “जा आता. बस चुकंल तुजी.”

रविवारी कंपनीची बस नसते, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या हाउसकीपिंगला आल्या नाहीत. त्यांच्या सुनेने आता खोल्यांतल्या कामगारांसाठी डबे सुरू केलेत, त्या तिला मदत करतात असं ऐकते. दोनदा चाकणच्या चौकात दिसल्या. एकदा मी हाक मारली. ट्रकचा आवाज होता, ऐकू आली नसेल असं मी धरून चालते.

मी एचआरमध्ये गेले. नव्या लाइन लीडरना वाटाघाटी शिकवणं हे आता माझंच काम आहे. मी चांगली शिकवते, सगळे म्हणतात. संडासाच्या दोन खोल्यांपैकी एकच बांधली गेली, दुसरीच्या जागी खोकी ठेवतात. ब्रेक तीनच आहेत. लाइन लीडरने मधे उभं राहायचं कलम कधी गेलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. नंतरच्या कागदात ते नव्हतं आणि मी विचारलं नाही. नव्या मुली सकाळी पाणी पीत नाहीत. त्यांना वाटतं, कंपनीत असंच असतं.

यंदा साहेब नोकरी बदलून दुसरीकडे गेले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी आमच्या त्या कराराचा उल्लेख केला. दोन्ही बाजू जिंकल्या, असं उदाहरण म्हणून. नंतर सामोसे खाताना ते माझ्याशेजारी उभे होते. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. “सर, त्या आक्कांची तपासणी तुम्हीच लावली होती ना?”

“कोणत्या आक्का?”

“लाइनवरच्या. पिशवीचं ऑपरेशन झालेल्या. मी तुम्हाला सांगितलं होतं.”

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पाडल्या, छताकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते, माणसाचा चेहरा वाचायला मला आता येतं. “नाही हो आठवत,” ते म्हणाले. “तेव्हा बऱ्याच गोष्टी चालू होत्या.” आणि पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळले.

मी प्लेट ठेवली. साडेतीनला माझी बॅच होती, नव्याने लाइन लीडर झालेल्या नऊ मुली वर थांबल्या होत्या. मी जिना चढून गेले.